काउंटी दस्त-अभिलेख, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जमीन, घर इ. स्थावर मिळकतींच्या हस्तांतरणाचे दस्त ज्या सार्वजनिक दप्तरांत नकलून जतन केलेले असतात, त्यांना काउंटी दस्त-अभिलेख म्हणतात. काउंटी हा तेथील राज्याचा उपविभाग असून स्थूलमानाने त्याची तुलना आपल्याकडील जिल्ह्याशी करता येईल. देशात तीन हजारांहून अधिक काउंट्या व तत्सम विभाग आहेत. सबंध देशासाठी मात्र असे एकच दप्तर नाही. खरेदीखते, गहाणखते, गहाण फिटल्याचे लेख, भाडेपट्टे, बक्षीसपत्रे, वाटेच्या हक्काचे करार, भूखंडांचे नकाशे यांसारखे कागद या दप्तरांत आढळतात. ती कोणासही पाहता येतात. पाहणाऱ्याचा त्या मिळकतीशी संबंध असावाच लागतो, असे नाही.

या दप्तरांचे एक वैशिष्ट्य आरंभीच ध्यानात घेतले पाहिजे. त्यांत नोंद होते ती दस्ताची, मालकीची नव्हे. दप्तराचा अधिकारी दस्तावर सही आहे की नाही, लिहून देणाऱ्याने अधिकृत व्यक्तीसमोर कबुली दिली आहे की नाही आणि शुल्क भरले आहे की नाही, एवढेच पाहतो. दस्त दाखल झाल्याचा दिवस व वेळ तो टिपतो, त्याची नक्कल खंडात उतरवितो आणि मूळ कागद परत करतो. लिहून देणाऱ्याची ती जमीन खरोखर होती काय, हा प्रश्न त्याच्या कक्षेतला नाही. त्यामुळे ‘ही जमीन कोणाची?’ या प्रश्नाचे उत्तर दप्तर कधीच देत नाही. शोध घेणाऱ्याने ते कागदांवरून स्वतः काढावयाचे असते. अमेरिकेतील भूमिहक्कांच्या इतिहासातील अनेक गुंतागुंती या एका गोष्टीतून उद्भवल्या आहेत.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमिनीचे हस्तांतरण कागदावाचून होत असे. शेजाऱ्यांच्या साक्षीने मातीचे ढेकूळ किंवा झाडाची डहाळी घेणाऱ्याच्या हाती दिली, की ताबा दिला असे मानीत. १५३६ मध्ये आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत विशिष्ट प्रकारची खरेदीखते सहा महिन्यांच्या आत सरकारदरबारी नोंदविण्याचा कायदा झाला. परंतु जमीनदारांना आपले व्यवहार चारचौघांत यावेत हे रुचेना आणि वकिलांनी ‘आधी भाडेपट्टा, मग हक्कसोड’ अशी युक्ती योजून कायद्याला बगल दिली. अठराव्या शतकात यॉर्कशर व मिड्लसेक्स या परगण्यांत दस्तनोंदणीच्या कचेऱ्या निघाल्या, तरी इतरत्र मालकीचे कागद घराण्याच्या पेटीतच राहिले.

वसाहतींत परिस्थिती निराळी होती. तेथे जमीन विपुल, माणसे एकमेकांस अनोळखी आणि खरेदी-विक्री वारंवार होणारी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कागदांनी भरलेली पेटी कोणापाशीच नव्हती. प्लिमथ वसाहतीने १६३६ मध्ये जमिनीच्या विक्रीची कबुली गव्हर्नर वा त्याच्या साहाय्यकासमोर देऊन ती सार्वजनिक दप्तरात नोंदविण्याचा नियम केला. या वसाहतीचे संस्थापक काही वर्षे हॉलंडमधील लायडन येथे राहिले होते, तेव्हा तेथील नोंदणीच्या प्रथेचा त्यांच्यावर परिणाम झाला असणे संभवनीय आहे. मॅसॅचूसेट्स बे वसाहतीचा १६४० चा कायदा याहून महत्त्वाचा होय. लबाडीची हस्तांतरणे टळावीत व दुसऱ्याच्या घरादारावर कोणाचा काय हक्क आहे हे सर्वांस कळावे, असा त्याचा हेतू होता. विकणारा जमिनीवर तसाच नांदत असेल, तर ती विक्री किंवा गहाण नोंदल्याखेरीज लिहून देणारा व त्याचे वारस यांवाचून इतरांवर बंधनकारक होणार नाही, असे त्यात ठरविण्यात आले. न नोंदलेला दस्त खोटा ठरत नाही, परंतु परक्याविरुद्ध तो दुबळा पडतो, हे तत्त्व येथून पुढे सर्व राज्यांत पसरले. मॅसॅचूसेट्समध्ये १६४३ साली काउंट्या निर्माण झाल्यावर दप्तरे त्यांच्याकडे गेली. कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड व व्हर्मॉंट या राज्यांत मात्र ती आजही गावच्या कारकुनाकडे असतात. अलास्कात काउंट्या नसल्याने हे काम राज्याकडे आहे, तर हवाई राज्यात सर्व बेटांसाठी एकच कचेरी आहे.

दस्त नोंदला, तरी त्यातील जमीन नेमकी कोणती हे कळले पाहिजे. जुन्या राज्यांत हद्दींचे वर्णन खुणा व दिशा सांगून करीत : अमुक पांढऱ्या ओकवृक्षापासून निघून अमुक अंशांनी इतके पोल ओढ्यापर्यंत, तेथून दगडांच्या राशीपर्यंत, व तेथून फिरून मूळ जागी. पोल म्हणजे साडेसोळा फूट. चार पोलांची एक साखळी. ओकवृक्ष वठला आणि ओढ्याने पात्र बदलले, की वर्णन अधांतरी राही. याची सर्वांत मोठी झळ केंटकीला बसली. केंटकी १७९२ पर्यंत व्हर्जिनियाचा भाग होता. व्हर्जिनियाने आधी मोजणी न करता जमिनीची अधिकारपत्रे विकली आणि ज्याने त्याने आपापली जागा निवडून मोजून घेतली. परिणामी एकाच भूमीवर कौलांप्रमाणे एकावर एक हक्क चढले. सीमाप्रदेशातील विख्यात वाटाड्या डॅन्येल बून यालाही तेथील आपल्या जमिनी गमवाव्या लागल्या. टॉमस लिंकन या सुताराने केंटकीत एकामागून एक अशी तीन शेते धरली व प्रत्येकाच्या हक्काविषयी तंटा उपस्थित झाला. १८१६ च्या डिसेंबरात त्याने कुटुंबासह इंडियानाची वाट धरली. त्याचा पुत्र अब्राहम याने पुढे १८६० मध्ये लिहिलेल्या आत्मवृत्तपर टिपणात या स्थलांतराचे एक कारण गुलामगिरी, पण मुख्य कारण भूमिहक्कांची अडचण असे दिले आहे.

इंडियानात ही अडचण नव्हती, कारण ओहायो नदीच्या वायव्येकडील प्रदेशाची १७८५ च्या भूमि-अध्यादेशानुसार विक्रीपूर्वीच मोजणी होत होती. सहा मैल लांबी-रुंदीचे चौरस गाव, त्याचे ३६ विभाग आणि प्रत्येक विभाग एक चौरस मैल म्हणजे ६४० एकरांचा, अशी ती आखणी होती. सोळावा विभाग शाळेसाठी राखीव असे. १७८७ च्या अध्यादेशाने याच प्रदेशातील हस्तांतरणाचे लेख दप्तरे स्थापन झाल्यापासून एका वर्षाच्या आत नोंदविण्याची अट घातली. या मुलखात कोणत्याही मिळकतीची हक्कसाखळी बहुधा केंद्र सरकारच्या दानपत्रापासून सुरू होते. ही दानपत्रे काउंटीत न सापडल्यास १८१२ मध्ये स्थापन झालेल्या सार्वसाधारण भूमि-कार्यालयाच्या कागदांत पाहावी लागतात. साखळीच्या या पहिल्या कडीपूर्वी तेथे कोण होते, याविषयी काउंटीचे दप्तर मौन पाळते. मूळ रहिवासी जमातींकडून थेट घेतलेले हक्क न्यायालये मान्य करणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८२३ मध्ये जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश या खटल्यात दिला होता.

एकच जमीन दोघांस विकली गेल्यास कोणाचा हक्क टिकावा, याविषयी राज्याराज्यांत तीन मते आहेत. समजा, एकाने आपली जमीन सोमवारी पहिल्यास व मंगळवारी दुसऱ्यास विकली. नॉर्थ कॅरोलायनात जो आधी दप्तर गाठील तो जिंकतो. दुसऱ्याला पहिल्या विक्रीची माहिती असली तरी बिघडत नाही. मॅसॅचूसेट्समध्ये दुसऱ्याने मोबदला देऊन व पहिल्या विक्रीची जाणीव नसताना जमीन घेतली असली पाहिजे. कॅलिफोर्नियात ही अजाणता हवी आणि शिवाय दस्तही आधी नोंदलेला हवा. भारतात मात्र नोंदणी अधिनियम, १९०८ प्रमाणे नोंदलेला दस्त सामान्यतः नोंदणीच्या नव्हे, तर निष्पादनाच्या वेळेपासून अमलात येतो. अमेरिकेत एकदा रीतसर नोंद झाली, की ती सर्व जगास कळली असे कायदा धरून चालतो. प्रत्यक्षात कोणी ते पान उघडलेही नसेल. तथापि ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब पुढील खरेदीदारास चालत नाही. म्हणून खरेदीपूर्वी शोध घेणे भाग पडते.

हा शोध सूचीवाचून अशक्य आहे. खंड काळानुक्रमाने भरत जातात. एका पानावर शेताचे खरेदीखत तर पुढील पानावर कोणा दूरच्या घराचे गहाणखत. बहुतेक काउंट्यांत दोन सूच्या असतात : एक लिहून देणाऱ्यांच्या नावांची, दुसरी लिहून घेणाऱ्यांच्या नावांची. शोधक आजच्या मालकापासून आरंभ करतो. घेणाऱ्यांच्या सूचीत त्याचे नाव काढून त्यास कोणी लिहून दिले हे पाहतो. मग त्या देणाऱ्याचे नाव पुन्हा घेणाऱ्यांच्या सूचीत शोधतो. असे मागे मागे जात तो मूळ दानपत्रापर्यंत, किंवा राज्याच्या कायद्याने ठरविलेल्या मुदतीपर्यंत पोहोचतो. काही राज्यांत ही मुदत मिशिगनप्रमाणे ४० वर्षांची, काहींत फ्लॉरिडाप्रमाणे ३० वर्षांची आहे. नवखा मनुष्य येथे थांबतो, पण निम्मे काम अजून उरलेले असते. प्रत्येक मालकाचे नाव आता देणाऱ्यांच्या सूचीत, त्याने जमीन घेतल्या दिवसापासून पुढे चाळावे लागते. कारण त्याने मध्यंतरी ती गहाण टाकली असेल, वाटेचा हक्क दिला असेल किंवा दुसऱ्याच कोणास विकली असेल. साखळीबाहेरच्या माणसाने लिहून दिलेला दस्त नोंदलेला असूनही या रीतीने हाती लागत नाही. असा दस्त खरेदीदारास बाधत नाही, असे न्यायालये सामान्यतः मानतात.

साखळी तुटते ती बहुधा मृत्यूच्या ठिकाणी. बाप वारल्यावर मुलाकडे जमीन आली, तर त्याचे खरेदीखत नसते. तेथे मृत्युपत्रांचे व वारसांचे कागद, करवसुलीच्या याद्या आणि न्यायालयीन निवाडे धुंडाळावे लागतात. दक्षिणेकडील कृष्णवर्णी कुटुंबांत मृत्युपत्र न करण्याची चाल पुष्कळ होती. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्या कुटुंबाचे नाव दप्तरात पणजोबापाशीच थांबलेले असे. मग एखाद्या दूरच्या वारसाचा हिस्सा विकत घेऊन परका मनुष्य वाटपाचा दावा लावी आणि सबंध जमीन लिलावात निघे. यास आळा घालणाऱ्या कायद्याचा नमुना २०१० मध्ये तयार झाला व पुढे अनेक राज्यांनी तो स्वीकारला.

नावांच्या सूचीऐवजी मिळकतीवार सूची ठेवली, तर हे श्रम वाचतात. नेब्रॅस्का, आयोवा, नॉर्थ डकोटा इ. चौरस मोजणीच्या राज्यांत अशी सूची आढळते व न्यूयॉर्क शहरात ती ठोकळा आणि भूखंड यांच्या क्रमांकांवर आधारलेली आहे. महाराष्ट्रातील वाचकास हा भेद समजणे कठीण नाही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील सूची क्र. १ पक्षकारांच्या नावांची, तर सूची क्र. २ मिळकतीच्या तपशिलाची असते. नावांच्या सूच्यांतही केवळ वर्णानुक्रमाने भागत नाही, कारण वर्षानुवर्षे नवी नावे पडत असतात. पेनसिल्व्हेनियात प्रचलित झालेली रसेल सूची यावरील एक चतुर तोडगा आहे. आडनावाचे आद्याक्षर सोडून पुढील अक्षरांत एल, एम, एन, आर व टी यांपैकी जे प्रथम येईल, त्यानुसार पान ठरते. पुढे व्यक्तिनामाच्या आद्याक्षराप्रमाणे रकाने असतात. ‘मिलर’ हे नाव ‘एल’ च्या पानावर मिळेल. ही युक्ती ठाऊक नसणारा त्या जाड खंडांपुढे हतबुद्ध होतो. एकदा कळली, की मात्र ती वर्णानुक्रमाहून सोयीची वाटते.

दस्तांच्या वाचनातही काही खुणा ओळखाव्या लागतात. जुन्या सूच्यांत पुरुषाच्या नावापुढे ‘व पत्नी’ या अर्थाचे लॅटिन संक्षेपरूप असते आणि त्या बाईचे नाव मूळ दस्त उघडल्याखेरीज कळत नाही. पतीच्या जमिनीत विधवेचा आजन्म हिस्सा मानला जाई. म्हणून तिची संमती अवश्य होती व कित्येक राज्यांत अधिकारी तिला पतीपासून बाजूला नेऊन ही सही खुषीची आहे ना, असे विचारीत. दस्ताखालची ती दोन ओळींची कबुली पुष्कळदा त्या स्त्रीच्या अस्तित्वाचा एकमेव लेखी पुरावा असते. खरी किंमत लपविण्यासाठी ‘एक डॉलर व इतर मोबदला’ असे लिहिण्याची रूढी आहे. तथापि १९३२ ते १९६७ या काळात अशा दस्तांवर केंद्र सरकारची मुद्रांके लावावी लागत. त्यांचा दर प्रथम दर ५०० डॉलरांस ५० सेंट व १९४० पासून ५५ सेंट होता. नकलेवर मुद्रांकांची रक्कम नमूद असेल, तर किंमत अदमासाने काढता येते.

कागदाच्या या इमारतीस आगीचे भय नेहमीच असे. यादवी युद्धाच्या काळात व्हर्जिनियातील काही काउंट्यांनी सुरक्षिततेसाठी आपली दप्तरे रिचमंड येथे हलविली. एप्रिल १८६५ मध्ये राजधानी सोडताना लागलेल्या आगीत नेमकी तीच जळाली. शिकागोची घटना याहून दूरगामी ठरली. ८ ते १० ऑक्टोबर १८७१ च्या महाअग्निप्रलयात कुक काउंटीचे न्यायालय व त्यातील समग्र दस्तदप्तर भस्मसात झाले. एका रात्रीत शहरातील प्रत्येक मिळकतीचा सार्वजनिक पुरावा नाहीसा झाला. वाचले ते खासगी पेढ्यांचे गोषवारे. दस्तांचे सार काढून ग्राहकांस विकणाऱ्या तीन पेढ्या तेथे होत्या. त्यांपैकी एकीचा भागीदार जॉन शॉर्टल याने पेटत्या शहरातून आपल्या वह्या गाडीवर घालून बाहेर काढल्या. तिन्ही पेढ्यांचे अवशेष जुळविल्यावर बहुतेक मिळकतींची साखळी पुन्हा बांधता आली. इलिनॉयच्या विधिमंडळाने १८७२ मध्ये दग्ध-अभिलेख अधिनियम संमत करून असे गोषवारे पुराव्यात ग्राह्य धरले. शहर सावरले, परंतु लोकांच्या मालकीचा आधार सरकारी इमारतीतून व्यापाऱ्याच्या तिजोरीत गेला, हेही खरे. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या १९०६ मधील भूकंप व आगीनंतर कॅलिफोर्नियातही नष्ट अभिलेखांसाठी विशेष कायदा करावा लागला.

दप्तर मालकीची हमी देत नसल्याने ती हमी विकणारा धंदा उदयास आला. शोधात झालेल्या चुकीबद्दल शोधकास जबाबदार धरता येत नाही, असा निर्णय पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६८ मध्ये वॉट्‌सन विरुद्ध म्यूरहेड या खटल्यात दिला. त्यातून १८७६ मध्ये फिलाडेल्फिया येथे हक्कविम्याची पहिली कंपनी निघाली आणि आज गहाणावर कर्ज देणारा जवळजवळ प्रत्येक सावकार असा विमा मागतो. याला पर्याय म्हणजे ऑस्ट्रेलियात १८५८ मध्ये सुरू झालेली टॉरेन्झ पद्धती. तीत सरकार स्वतःच मालकीचा दाखला देते. मॅसॅचूसेट्स, मिनेसोटा व हवाई येथे ती काही प्रमाणात टिकून आहे. कुक काउंटीत ती जवळजवळ शतकभर चालली. पुढे इलिनॉयने ती मोडीत काढली.

दस्तखंडांत जमिनीखेरीज इतर व्यवहारही सापडतात. दक्षिणेकडील राज्यांत गुलाम स्त्री-पुरुषांच्या विक्रीचे व मुक्ततेचे लेख त्याच खंडांत, त्याच हस्ताक्षरात नोंदलेले आहेत. नॉर्थ कॅरोलायनातील बन्‌कम काउंटीने असे लेख वेगळे काढून सर्वांसाठी खुले केले. वंशजांना पूर्वजांची नावे प्रथम तेथे मिळतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहरी वसाहतींच्या दस्तांत ही जागा गोऱ्यांखेरीज इतरांस विकू वा भाड्याने देऊ नये, अशा अटी सर्रास घालण्यात आल्या. नोंद झाली म्हणजे सर्वांस कळली, हेच तत्त्व येथे वापरले गेले. अट जमिनीबरोबर पुढील प्रत्येक खरेदीदारास चिकटे. शेली विरुद्ध क्रेमर या सेंट लूइसमधील खटल्यात १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींची न्यायालयामार्फत अंमलबजावणी घटनाबाह्य ठरविली आणि १९६८ च्या गृहनिवास कायद्याने त्यांवर बंदी आली. पण दप्तरातून काही खोडता येत नाही. मिनेसोटा विद्यापीठात २०१६ मध्ये सुरू झालेल्या एका प्रकल्पात मिनीॲपोलिसचे दस्त संगणकाकडून वाचून घेऊन व स्वयंसेवकांकडून तपासून या अटींचा नकाशा तयार करण्यात आला.

कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्याने नागरिकत्वास अपात्र परदेशीयांना शेतजमिनीची मालकी नाकारली. भगतसिंग थिंद यांच्या खटल्यातील १९२३ च्या निर्णयानंतर हिंदी लोकही या निर्बंधाखाली आले. इंपीरिअल खोऱ्यातील पंजाबी शेतकऱ्यांनी मग अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या किंवा विश्वासू अमेरिकन परिचितांच्या नावे जमिनी घेतल्या. दप्तरात नाव एकाचे, नांगर दुसऱ्याचा, अशी ही स्थिती होती. १९४६ मध्ये हिंदी लोकांस नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला व १९५२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्दबातल ठरविला.

हस्तलिखित नकलांची जागा पुढे टंकलेखनाने, मग छायाप्रतींनी व सूक्ष्मपटांनी घेतली. यूटामधील मॉर्मन पंथाच्या वंशावळी-संस्थेने १९३८ पासून अभिलेखांचे सूक्ष्मपट घेण्याचे प्रचंड काम आरंभिले. वंशशोधकांना त्याचा मोठा उपयोग होतो. संगणकाच्या आगमनानंतर एक विपरीत वळणही आले. गहाणखते एका बँकेकडून दुसरीकडे वारंवार विकली जाऊ लागली. प्रत्येक वेळी काउंटीत नोंदणी करणे टाळण्यासाठी बँकांनी १९९५ च्या सुमारास खासगी विद्युत् नोंदपद्धती उभारली आणि दप्तरात केवळ त्या संस्थेचे नाव राहू लागले. २००८ च्या अर्थसंकटात लाखो घरे जप्तीस आली, तेव्हा गहाणाचा धनी कोण हे सिद्ध करणे अनेक ठिकाणी दुष्कर झाले. कागद न वाचताच सह्या केलेली हजारो प्रतिज्ञापत्रे २०१० मध्ये उजेडात आली. जप्तीच्या वेळी गहाण आपल्याकडे आले होते हे बँकांना दाखविता न आल्याने मॅसॅचूसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये इबान्येझ खटल्यात ती जप्ती अवैध ठरविली.

आज पुष्कळ काउंट्यांच्या सूच्या घरबसल्या पाहता येतात. तथापि प्रत्येकीचा आरंभ निराळ्या वर्षापासून होतो आणि पाहणाऱ्याने ते वर्ष आधी विचारून घ्यावे. ‘नोंद सापडली नाही’ याचा अर्थ पुष्कळदा संगणकात तितके मागचे दप्तर नाही, एवढाच असतो. न्यूयॉर्क शहराच्या चार विभागांचे दस्त १९६६ पासूनचे संगणकावर उपलब्ध आहेत, पाचव्या स्टेटन आयलंडचे काउंटीच्या कारकुनाकडे आहेत आणि त्यांहून जुन्या मालकाचा माग काढावयाचा, तर ठोकळ्याचा क्रमांक हाती घेऊन जुने खंड व सूक्ष्मपट यांकडेच वळावे लागते.